लॉकियरसाहेबांना श्रावणात आणू नका

देवगड तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे. त्या दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहीत आहेत. काळ 18 ऑगस्ट 1868, जागा विजयदुर्ग किल्ला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तटावरून खग्रास सूर्यग्रहण बघतो आहे, हेलियमचा शोध लागतो आहे, आणि आजची एम.एस्सी.ला शिकणारी एक मुलगी तिथे जाऊन पोचते. त्यांचे प्रश्न असे: खरा शास्त्रज्ञ खऱ्या नावानं कथेत घेतलेला चालतो का? त्याच्या तोंडी आपण किती घालायचं? नाव बदलून घ्यावं का? आणि कथेच्या शेवटी जयंत नारळीकर सरांना आणलं तर ते शोभेल का?

मी तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्याच काळात विज्ञानकथा लिहिल्या आणि दिवाळी अंकांसाठी इतरांच्याही तपासल्या. त्या अनुभवावरून सांगतो. खरा शास्त्रज्ञ खऱ्या नावानं जरूर घ्या, नाव अजिबात बदलू नका. तारीख मात्र बदलावी लागेल, आणि ती बदलली की तुमची कथा आहे त्याहून कितीतरी मोठी होईल. म्हणून आधी तारखेचं बोलतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. ऐन उमेदीत लिहिलेल्या एका कथेत मी लॉकियरला 1868 च्या ऑगस्टात विजयदुर्गच्या बुरुजावर उभा केला होता. कथा छापून आली, कौतुकही झालं. पुढे किल्ल्यावर गेलो असताना गिर्ये गावात एका आजींकडे जेवायला थांबलो. त्यांनी नातवाकडून ती कथा वाचून घेतली होती. पानात सोलकढी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मास्तर, गोष्ट बरी आसा. पण श्रावणात तुमच्या सायबाक सूर्य खंय गावलो?"

माझा घास हातातच राहिला. अठरा ऑगस्ट म्हणजे श्रावण अमावास्या. समुद्राकडून ढगांची रांग लागलेली असते, कौलांवरून पागोळ्या गळत असतात, जांभ्यावर शेवाळ चढलेलं असतं. दुर्बिणी आणि प्रिझम घेऊन सातासमुद्रापलीकडून येणारा माणूस भर पावसाळ्यात कोकणकिनारा कशाला निवडेल? हे मला सुचायला हवं होतं. मी कोकणातच जन्मलो. पण पुस्तकातला शास्त्रज्ञ कथेत घेताना मी आपला पाऊस विसरलो होतो.

त्यानंतर मी कागदपत्रं धुंडाळली, आणि जे हाती लागलं ते असं. 18 ऑगस्ट 1868 ला लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्या वेळी तो बत्तीस वर्षांचा होता आणि युद्धखात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत होता. त्या ग्रहणासाठी हिंदुस्थानात आलेले आणि इथे असलेले लोक वेगळे होते. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, मेजर टेनंटही गुंटूरलाच होता. पॉगसन मछलीपट्टणमला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होता. प्रकाश प्रिझममधून फोडला की रंगांचा जो पट्टा मिळतो तो वर्णपट, आणि त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात पिवळी रेषा काहींनी पाहिली, पण बहुतेकांना ती सोडियमचीच वाटली. जान्सेनच्या लक्षात आलं की या ज्वाळा पाहायला ग्रहण लागतच नाही. दुसऱ्या दिवशी उघड्या सूर्यावर त्यानं त्या पुन्हा पाहिल्या. तिकडे लॉकियरनं स्वतंत्रपणे हीच युक्ती योजली. मागवलेला वर्णपटदर्शक हाती आल्यावर 20 ऑक्टोबर 1868 ला त्यानं लंडनमधून, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांच्या रेषा पकडल्या. पिवळी रेषा सोडियमच्या जागी नव्हती. सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला पडतात, ही 587.6 ला. फरक एवढासाच. पण पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याची रेषा त्या जागी पडत नव्हती. तेच हेलियम.

मग विजयदुर्गचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पक्का आहे. फक्त तो तीस वर्षं पुढचा आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गला आला. किल्ल्यात छावणी पडली. 'एचएमएस मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यानं निरीक्षक म्हणून कामाला लावले. त्या निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला आहे, आणि त्याच्या शीर्षकात आपल्या गावाचं नाव 'विझियाद्रुग' असं लिहिलेलं आहे. किल्ल्यावरच्या ज्या बांधकामाला आपण 'साहेबाचे कट्टे' म्हणतो, त्या नावातला साहेब शोधायचा तर तो या छावणीत सापडतो. लोकांच्या सांगण्यात पुढे हेलियम, लॉकियर आणि कट्टे एकत्र आले आणि 1868 ची तारीख 1898 वर जाऊन बसली. विजयदुर्गला 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. मुलांना किल्ल्यावर नेऊन वर्णपट दाखवतात ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, आणि ती बंद पडू नये. पण कथा लिहिणाऱ्यानं तारीख तपासलीच पाहिजे. खऱ्या माणसाला कथेत आणलं की त्याच्या तारखा त्याच्याबरोबर येतात, आणि कथेचं खरं भांडवल त्या तारखांतच असतं.

आता 1898 चा लॉकियर बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल. 1868 चा लॉकियर तरुण हौशी कारकून आहे. 1898 चा लॉकियर एकसष्ट वर्षांचा आहे. आदल्याच वर्षी त्याला 'सर' ही पदवी मिळाली आहे. 1869 पासून तो 'नेचर' साप्ताहिक चालवतो आहे. ज्या मूलद्रव्याची रेषा त्यानं सूर्यात पाहिली, त्यावर रसायनशास्त्रज्ञांनी सत्तावीस वर्षं शंका घेतली, कारण पृथ्वीवर ते कुणाच्या हाती लागत नव्हतं. शेवटी 1895 मध्ये विल्यम रॅम्झेला क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. म्हणजे हा माणूस विजयदुर्गला पोचतो तेव्हा खरा ठरून फक्त तीन वर्षं झाली आहेत.

आणि त्याच्या मागे एक ताजं दुःखही आहे. 9 ऑगस्ट 1896 च्या ग्रहणासाठी तो नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला होता. तिथेही युद्धनौकेचे खलाशी होते, तिथेही सगळी तालीम झाली होती. ऐन वेळी ढग आले आणि काहीही दिसलं नाही. असा माणूस पौषातल्या निरभ्र आकाशाखाली, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यावर उभा आहे. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. खलाशांकडून तो पुन्हा पुन्हा तालीम करून घेतो आहे. एक जण सेकंद मोजतो आहे, दुसरा काच सरकवतो आहे. वाघोटनच्या खाडीवरून वारा येतो तेव्हा तो मान वर करून आकाशाकडे बघतो. ही भीती तुम्हाला कल्पनेनं निर्माण करावी लागत नाही. ती नोंदीत आहे. 1868 धरून बसलात तर ही सगळी संपत्ती हातची जाते.

आजूबाजूचा काळही बघा. मुंबईत 1896 पासून प्लेग. चाकरमानी गावी परतलेले. पुण्यात 1897 च्या जूनमध्ये रँडचा खून झालेला. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात. इथे मला एक गोष्ट नेहमी चटका लावते. टिळक रत्नागिरीत जन्मलेले. वेदांचा काळ नक्षत्रांवरून ठरवणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1893 चं. इजिप्तमधली देवळं कुठल्या ताऱ्याकडे तोंड करून बांधली यावरून त्यांचा काळ काढणारं लॉकियरचं पुस्तक 1894 चं. दोघं एकाच रीतीनं विचार करत होते. लॉकियर कोकणात आला तेव्हा टिळक गजाआड होते. आणि मुरूड-दापोलीकडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहून 1896 मध्ये प्रसिद्ध केला, ते या ग्रहणाच्या वेळी हयात होते आणि त्याच 1898 सालात वारले. लॉकियर आणि दीक्षित यांची भेट कथेत घडवायला जागा आहे. मी असतो तर ती एका रात्रीपुरती घडवली असती, कंदिलाच्या उजेडात, पंचांग मधे ठेवून.

तुमच्या मुलीकडे वळतो, कारण कथेचा जीव तिच्यात आहे. एम.एस्सी.ची मुलगी 1898 मध्ये जाते. तिला काय माहीत आहे जे लॉकियरला माहीत नाही? "हेलियम खरंच आहे" हे तिनं सांगून उपयोग नाही, ते त्याला 1895 पासून ठाऊक आहे. पण त्याच्यापुढे दुसरं एक कोडं होतं आणि ते आयुष्यभर राहिलं. साध्या ज्योतीत एखाद्या धातूचा वर्णपट एक दिसतो, विजेच्या ठिणगीत वेगळा. ठिणगीत काही रेषा ठळक होतात, आणि त्याच रेषा सूर्याच्या वरच्या थरात आणि उष्ण ताऱ्यांत उठून दिसतात. लॉकियरचं म्हणणं असं की प्रचंड उष्णतेत मूलद्रव्यं फुटतात आणि त्यांचे अधिक साधे, मूळ घटक उरतात. रसायनशास्त्रज्ञांना हे मान्य नव्हतं. अणू फुटतो म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी वेडेपणा होता.

लॉकियर चुकला होता, पण वाया जाणारं चुकणं नव्हतं ते. मूलद्रव्य बदलत नाही, पण उष्णतेत अणूमधला इलेक्ट्रॉन निघून जातो आणि उरलेल्या आयनाचा वर्णपट वेगळा असतो. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसननं 1897 मध्ये जाहीर केला. म्हणजे विजयदुर्गच्या ग्रहणाआधी वर्षही झालं नव्हतं. किल्ली बाजारात आली होती, पण ती या कुलपाची आहे हे कुणाला कळलं नव्हतं. कुलूप उघडलं बंगाली पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहांनी. तापमान आणि दाब दिला की किती अणूंचे आयन होतील हे सांगणारं त्यांचं समीकरण 1920 च्या ऑक्टोबरमध्ये छापून आलं, सूर्याच्या त्याच थराविषयीच्या लेखात. लॉकियर 16 ऑगस्ट 1920 ला वारला होता. दोन महिने. आणि 1898 च्या जानेवारीत साहा कुठे होते? ढाक्याजवळच्या एका खेड्यात, वय वर्षं चार.

हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं गप्प व्हायची. तुमची मुलगी हे समीकरण शिकून आलेली आहे. तिच्यासमोर एकसष्ट वर्षांचा तो माणूस उभा आहे, ज्याचं उत्तर बंगालमध्ये एका चार वर्षांच्या मुलाकडे वाढतं आहे. ती सांगेल का? माझं मत विचाराल तर तिनं सांगू नये, आणि न सांगणं तिला जड जावं. तिनं सांगितलं तर लॉकियर तुमच्या हातातलं बाहुलं होतो आणि साहांचं श्रेयही जातं. गप्प राहिली तर तो तोच राहतो, अर्धा बरोबर, अर्धा चुकलेला, आणि वाचकाला मात्र सगळं माहीत असतं. खरा शास्त्रज्ञ कथेत घेतल्याचा याहून मोठा फायदा मला माहीत नाही. काल्पनिक डॉक्टर अमुकतमुकच्या बाबतीत असा दोन महिन्यांचा चटका बसूच शकत नाही.

नाव बदलू नका म्हटलं ते यासाठी. एक परीक्षा करून बघा. नावाच्या जागी दुसरं नाव घातलं आणि कथेचं काहीच बिघडलं नाही, तर तो माणूस तुम्ही नुसता शोभेला आणला आहे. उलट उदाहरण स्टीफन हॉकिंग यांचं. 1993 मध्ये 'स्टार ट्रेक'च्या एका भागात त्यांनी स्वतः हॉकिंग म्हणूनच काम केलं. भविष्यातल्या अवकाशयानात न्यूटन, आइनस्टाइन आणि हॉकिंग पत्ते खेळायला बसलेत. न्यूटन आणि आइनस्टाइन अर्थातच नट आहेत. हॉकिंग बुध ग्रहाच्या कक्षेवरून एक विनोद करतात. आइनस्टाइन खळखळून हसतो, न्यूटन हसत नाही. वरवर पाहिलं तर गंमत. पण बुधाच्या कक्षेतली तफावत शतकाला 43 विकलांची (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला), आणि ती न्यूटनच्या नियमांतून सुटत नव्हती. आइनस्टाइनच्या सिद्धांतानं सोडवली. कोण हसतं आणि कोण हसत नाही यातच शंभर वर्षांचं पदार्थविज्ञान बसलं आहे. तिथे ही तीन माणसं सोडून दुसरी कुणी चालली नसती.

ही प्रथा नवी नाही, आणि तिचा गैरवापरही जुना आहे हेही माहीत असू द्या. 1835 च्या ऑगस्टात न्यू यॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्रानं लेखमाला छापली. सर जॉन हर्शेल यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून चंद्रावर पंखवाली माणसं दिसली, अशी. हर्शेल तेव्हा खरोखरच तिथे वेध घेत होते, म्हणूनच लोकांचा विश्वास बसला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आधी त्यांना हसू आलं, पण पुढे लोक त्या चंद्रमानवांविषयी विचारत राहिले तेव्हा त्रासच झाला. 1868 मध्ये जमखंडीला आलेला लेफ्टनंट हर्शेल हा त्यांचाच मुलगा, आणि त्याचा जन्म आफ्रिकेतल्या त्याच मुक्कामातला. खऱ्या माणसाच्या नावावर खोटा शोध खपवणं हे या प्रकारातलं सर्वांत मोठं पाप, आणि ते तेव्हाच होऊन गेलं.

एडिसनच्या बाबतीत वेगळं झालं. 1898 च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्याच एका वर्तमानपत्रात गॅरेट सर्व्हिसची कादंबरी क्रमशः येत होती. तिच्यात एडिसन यानांचा ताफा घेऊन मंगळावर स्वारी करतो आणि लॉर्ड केल्व्हिनसुद्धा बरोबर असतो. दोघंही तेव्हा हयात. म्हणजे लॉकियर आपल्या किल्ल्यावर दोन मिनिटांच्या काळोखासाठी खलाशांना तयार करत होता, त्याच दिवसांत तिकडे एडिसन मंगळावर लढत होता. ती कादंबरी कुणीही खरी मानली नाही, कारण ती उघड उघड कथा होती. हा फरक महत्त्वाचा आहे. कथा म्हणून छापलेलं काहीही चालेल असं मी म्हणत नाही, पण वाचक फसता कामा नये ही पहिली अट.

याहून हळुवार रीत एच. जी. वेल्सची. 1895 च्या 'द टाइम मशीन'मध्ये त्यानं प्राध्यापक सायमन न्यूकम यांना फक्त एका वाक्यात आणलं. चौथ्या मितीविषयी ते नुकतेच न्यूयॉर्कच्या गणित मंडळापुढे बोलले, एवढंच. व्याख्यान खरं, माणूस खरा, आणि ते व्याख्यान 1894 मध्ये लॉकियरच्याच 'नेचर'मध्ये छापलेलं. एका वाक्यानं पुढचं अख्खं काळयंत्र पटायला लागतं. नवं लिहिणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो, की खऱ्या माणसाला किती पानं द्यायची ते आधी ठरवा. बऱ्याचदा एक वाक्य पुरतं.

तुमच्या कथेत लॉकियर प्रत्यक्ष बोलणार, तेव्हा त्याच्या तोंडी काय घालायचं? शोधाची व्याख्यानं नकोत. तुम्ही पाठवलेल्या दोन पानांत तो मुलीला हेलियम म्हणजे काय ते समजावून सांगतो. दोन मिनिटांच्या काळोखासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला माणूस त्या घटकेला कुणाला काही समजावत बसणार नाही. तो म्हणेल, "काच पुसली का?" "सेकंद मोठ्यानं मोज." "हलू नकोस." त्याचं विज्ञान त्याच्या हातांत दिसू द्या. स्पष्टीकरण वाचकाला हवंच असेल तर ते मुलीच्या मनात असू द्या, ती शिकलेली आहे.

आणि तो इंग्रजीत बोलतो आहे हे विसरू नका. गिर्ये-रामेश्वरकडचा एखादा मुलगा पाणी वाहायला ठेवला असेल, तर त्याला साहेबाचं अक्षरही कळणार नाही. असा मुलगा कथेत घ्या. त्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही, म्हणून त्याच्या बाबतीत तुम्ही पूर्ण मोकळ्या आहात. कल्पना तिथे चालवा. मी एका मसुद्यात अशा मुलाला तालमीच्या दिवशी प्रिझममधून मिठाच्या ज्योतीची पिवळी रेषा बघू दिली होती. त्याला तो रंग 'हळदीक चुनो लागायच्या आदलो पिवळो' वाटतो. त्याची आई घरी हळदीला चुना लावून कुंकू करते, पिवळ्याचं लाल होताना त्यानं पाहिलेलं आहे. वस्तू तापवली, तिच्यात दुसरं काही मिसळलं, की रंग बदलतो, हे त्याला स्वयंपाकघरातून माहीत आहे. लॉकियरचं आयुष्यभराचं कोडं त्याच्या चुलीपाशीच होतं. ग्रहण लागतं तेव्हा वाडीतून "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी येते, गरोदर बायका दारं लावून आत बसलेल्या आहेत, कावळे भर दुपारी झाडावर परततात, आणि तटावर गोऱ्या खलाशाचा सेकंद मोजणारा आवाज. हे दोन्ही आवाज एकाच परिच्छेदात ऐकू येऊ द्या. कुणाला कमी लेखू नका. त्या आरोळीतही काळोख लवकर सरावा हीच इच्छा होती.

निकाल मात्र बदलू नका. आकाश निरभ्र होतं, छायाचित्रं मिळाली, हे नोंदलेलं आहे. बदलायचाच असेल तर उघडपणे बदला. ढग आले, नॉर्वेसारखंच झालं, आणि तिथून वेगळं जग सुरू झालं, अशी कथाही होऊ शकते. पण मग ती एकच गोष्ट बदला, आणि ती बदलली आहे हे वाचकाला पहिल्या दोन पानांत कळू द्या.

नारळीकर सरांविषयी. त्यांना जाऊन अजून फार काळ झालेला नाही, 20 मे 2025 ला ते गेले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी विज्ञानकथा लिहायला घेतली ती त्यांच्यामुळे, त्यामुळे तुमची इच्छा मला समजते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. जगभर माहीत असलेलं नाव त्यांनी बाजूला ठेवलं, कारण परीक्षकांनी कथाच वाचावी असं त्यांना वाटत होतं. पहिलं बक्षीस त्या कथेला मिळालं. ज्यांनी आपलं नाव असं जपून वापरलं, त्यांच्या तोंडी आपण रचलेली वाक्यं घालताना हात थांबला पाहिजे. त्यांना आणायचंच असेल तर वेल्ससारखं आणा. तुमच्या मुलीच्या पिशवीत त्यांचं एखादं पुस्तक असू द्या, किंवा शाळेत असताना तिनं त्यांचं भाषण ऐकलं होतं अशी एक ओळ. तेवढ्यानं वाचकाचा गळा दाटेल. संवाद लिहायचाच असेल तर आधी कुटुंबीयांना कळवा आणि त्यांच्या होकाराशिवाय छापू नका.

कायद्याचं थोडक्यात. मृत माणसावर केलेला आरोपही, तो जिवंत असता तर त्याच्या अब्रूला बाधला असता आणि जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूनं केलेला असेल, तर अब्रुनुकसानी ठरू शकतो. पूर्वी हे भारतीय दंडसंहितेच्या 499 कलमात होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमात आहे. हयात शास्त्रज्ञाबाबत तर लेखी परवानगीच घ्या. लॉकियरच्या बाबतीत तुम्हाला ही काळजी नाही, पण म्हणून त्याला लबाड किंवा मूर्ख दाखवू नका. नोंदीत तसं काही नाही.

पुढच्या कथेसाठी एक सुचवतो, कारण कोकणात अशी माणसं आणखी आहेत आणि कुणी त्यांच्याकडे वळत नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून ती अलिबागला हलवली. नानाभाई मूस तेव्हा कुलाब्याचे संचालक, त्या पदावरचे पहिले भारतीय. इमारतीत लोखंडाचा खिळासुद्धा नको होता. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. लोखंड वर्ज्य असलेलं घर, बाहेर समुद्र, आत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा कंप टिपणारी सुई. तिथे एखाद्या रात्री सुई अशी हलते की जिचं कारण सूर्यात सापडत नाही. बाकी तुम्ही लिहा.

या कथेपुरतं एक काम करा. येत्या 22 जानेवारीला दुपारी साडेबाराच्या सुमारास किल्ल्यावर जा आणि कट्ट्यापाशी उभ्या राहा. कलमांना मोहोर आलेला असेल, वारा कोरडा असेल. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि आपली सावली उत्तरेला पडते, आपल्या उंचीच्या साधारण पाऊणपट. लॉकियरच्या यंत्रांची तोंडं तिकडेच, दक्षिणेच्या आकाशाकडे होती. तुमची मुलगी त्याच्या पाठीमागे उभी राहणार असेल तर ती उत्तरेच्या बाजूला उभी राहील, आणि ग्रहण लागण्याआधी लॉकियरची सावली तिच्याच दिशेनं आलेली असेल. मसुद्यात तुम्ही तिला समुद्राकडे, पश्चिमेला उभी केली आहे. तेवढं बदला.